धुतलेला शर्ट

मशीनचं दार उघडलं आणि ओल्या चादरींच्या पिळ्यातून निळ्या चौकड्यांची एक बाही बाहेर लोंबली, तेव्हा पहिल्यांदा मला नवऱ्याचाच राग आला. वास्तविक त्याने काहीच केलं नव्हतं. तो मागच्या अंगणात एका लांब कानांच्या कुत्रीला ‘जरा इकडे येता का?’ असं विचारत होता. पण काही बिघडलं की आधी त्याच्यावर चिडायचं आणि मग काय बिघडलंय ते बघायचं, ही माझी जुनी सवय. मी बाही धरून ओढली. अख्खा शर्ट बाहेर आला, कढत पाण्यातून निघालेला, लख्ख, कॉलरच्या आतली पिवळट रेघसुद्धा गेलेली. नाकाशी धरला. साबणाचा वास आला, फक्त साबणाचा. मनात आलं, खोटं कशाला सांगू, की चला, धुतला एकदाचा कोणीतरी.

तो शर्ट कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीच्या नवऱ्याचा होता. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी कुत्र्याला फिरवून आल्यावर त्याने हा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, संध्याकाळी पुन्हा घालीन म्हणून, आणि ऑफिसच्या वाटेवर छातीत कळ येऊन तो गेला. तेव्हापासून हा शर्ट चेनच्या प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. हे सगळं तिने कुत्रा माझ्याकडे सांभाळायला सोडला त्या पहिल्याच दिवशी दारात उभं राहून मला सांगितलं, दाढ काढावी लागेल असं सांगतात त्या आवाजात. ‘काकू, दुपारी कुत्रा झोपायला लागला की पिशवीतून काढून त्याच्या पुढ्यात ठेवायचा. उठला की लगेच परत पिशवीत. चेन शेवटपर्यंत लावायची, हवा लागली की उडतो.’ चाळिशी उलटलेली बाई मला काकू म्हणत होती आणि वासाला झाकण लावायला सांगत होती. मी मान डोलावली. गिऱ्हाइकापुढे मान डोलावणं मला चांगलं जमतं, अर्धं आयुष्य वीज कंपनीच्या तक्रार विभागात गेलंय माझं. तिचा कुत्रा म्हणजे एक म्हातारं, बदामी रंगाचं धूड. कुत्र्यांना मालकांनी ठेवलेली नावं मी घेत नाही, जिभेला लाज वाटेल अशी असतात ती. याला मी साहेब म्हणते, कारण टेबलांच्या रांगांमधून कोणाकडेही न बघता केबिनकडे जावं तसा तो माझ्या घरातून चालतो.

हा धंदा मुलीच्या डोक्यातून निघाला. मी नोकरी मुदतीआधी सोडली, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ती फोनवर हसत म्हणाली, ‘आई, माणसं तुला सहन होत नाहीत ना, मग कुत्री सांभाळ.’ तिला कोणी सांगावं की प्रत्येक कुत्र्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतोच. तळमजल्याचं घर, मागे फरसबंद अंगण, पुढच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला सरकवलं, दाराला कमरेएवढी जाळी बसवली, आणि सकाळी ऑफिसला निघालेली माणसं आपापली जनावरं माझ्या स्वाधीन करून जाऊ लागली. जाताना पापे घेतात. ‘आई लवकर येईल हं,’ असं म्हणतात. मी दारात उभी राहून हसते, माझा चेहरा दुखतो. नव्या कुत्र्याबरोबर घरातल्या कोणाचा तरी अंगावरचा, न धुतलेला कपडा आणा, असा माझा नियम आहे. परक्या घरात कुत्रं त्याने रुळतं. तर लोक काय करतात? धुऊन, इस्त्री करून आणतात. कपडा कुत्र्यासाठी, पण तो माझ्या हातातून जाणार, मग मी काय म्हणेन! एका वकिलाच्या बायकोने तर दुकानाची चिठ्ठी लटकत असलेला कोरा टी-शर्ट आणला. कुत्र्याने तो हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बाईबद्दलचं आम्हा दोघांचं मत तिथे जुळलं. डॉक्टरीण एकटीच अशी, जिने खरोखरचा मळका कपडा आणला. त्याबद्दल मला तिचा आदर वाटायला हवा होता, पण मला तिचाच सगळ्यात जास्त तिटकारा आला. माणसाने इतकं उघडं कशाला पडावं? दुःख आहे तर घरात ठेवावं, शेजारणीच्या हातात पिशवी घालून देऊ नये.

या खेपेला ती परिषदेसाठी परगावी गेली होती आणि साहेब मुक्कामाला होता. आठवड्याची अंथरुणं धुवायचा दिवस होता. मी फोन गाल आणि खांदा यांच्यात धरलेला, पलीकडे एका पांढऱ्या, मुठीएवढ्या कुत्र्याची मालकीण होती. सकाळच्या फोटोत तिचं बाळ तिला उदास दिसलं होतं, तर ते खरोखर उदास आहे की उजेडामुळे तसं दिसतंय, हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी ‘नाही हो, मजेत आहे’ म्हणत एका हाताने चादरी गोळा करत गेले. साहेबाच्या अंगाखालची ओढली तसा तो उठून बाजूला झाला. मी कोणासाठी अशी मुकाट्याने बाजूला होत नाही, तो झाला. चादरीबरोबर शर्ट गोळा झाला, मशीनमध्ये गेला, वर मी पावडर टाकली, कुत्र्यांचा वास मारायची जास्तीची औषधी पूडही टाकली आणि बटण दाबलं. सगळा वेळ मी त्या बाईला तिच्या बाळाच्या मनःस्थितीची हमी देत होते. मूर्ख बायकांशी बोलताना माणूस मूर्ख होतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

‘अहो,’ मी अंगणाच्या दारातून हाक मारली. तोंडाने अहो आणि मनात अरे, आमच्या पिढीचे बहुतेक संसार असेच चालले. तो आला. शर्ट बघून त्याचे हात आपोआप पँटला पुसले गेले, जसं काही त्यानेच तो भिजवला होता. ‘अगं, हा तर त्यांचा...’ ‘हो, तोच.’ ‘मग आता?’ ‘मला काय विचारताय?’ त्याने लोंबणारी बाही सरळ केली. मग म्हणाला, ‘फोन करून सांगून टाकू. चुकून झालं म्हणावं. समजूतदार आहेत त्या.’ समजूतदार! माणसं समजूतदार असतात ती दुसऱ्याचा शर्ट धुतला गेला तर. ‘चूक झाली, दिलगीर आहोत’ हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की त्याची किंमत मला कोणी सांगायला नको. त्या वाक्याने कोणाच्या घरात कधी दिवा लागला नाही. शिवाय निम्मी गिऱ्हाइकं तिनेच पाठवलेली. लोक तिच्या खुर्चीत आ करून पडलेले असतात तेव्हा ती माझी तारीफ करते, आणि त्यांना नाही म्हणायची सोयच नसते. तेच तोंड उद्या माझ्याविरुद्ध उघडलं तर जाळी काढून फर्निचर पुन्हा मधोमध आणायची वेळ यायची. पण खरी भीती धंद्याची नव्हती. ती दारात उभी राहून पिशवी उघडेल, नाक आत घालेल, आणि मग मान वर करून माझ्याकडे बघेल, ते बघणं मला नको होतं. त्या माणसाचं या जगात जे काही उरलं होतं ते मी मोरीत सोडून दिलं होतं, आणि ते परत कुठून आणायचं हे मला ठाऊक नव्हतं. या एका गोष्टीत मला माझाही तिटकारा आला, आणि तो मी नवऱ्यावर काढला. ‘तुम्हाला सांगून टाकायला काय जातं,’ मी म्हणाले, ‘दारात मी उभी असते.’

शर्ट साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढला, साबण जाईपर्यंत. वाळवला. दुपारी साहेबाच्या पुढ्यात ठेवला. त्याने कॉलर हुंगली, मग बगल, मग पाठ, मग पुन्हा कॉलर. घाई नव्हती त्याला, एखादा कारकून फायलीत हरवलेला कागद शोधतो तसा शांतपणे शोधत होता. मग उठला, पुढच्या दाराशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून पसरला. संध्याकाळी जेवला नाही. सकाळीही भांड्याकडे बघितलं नाही. डॉक्टरणीचा मेसेज आला, ‘शर्टबरोबरचा एक फोटो पाठवाल का?’ मी पहिल्या आठवड्यातला एक जुना काढून पाठवला. तिने उत्तरादाखल लाल हृदय पाठवलं. फोटोला वास नसतो, ही शास्त्राची केवढी कृपा! नवरा मात्र दाराशी फरशीवर मांडी घालून बसला होता. ‘थोडं खाऊन घ्या ना,’ तो साहेबाला म्हणत होता, ‘रिकाम्या पोटी वाट बघवत नाही.’ तो कुत्र्यांशी असाच बोलतो, पूर्ण वाक्यांत, अहो-जाहो करून. नोकरीत असताना नकाशे काढायचा. कधी कोणाशी वरच्या आवाजात बोलला नाही, कधी बढती मागितली नाही, मी काही म्हटलं तर ‘बरं’ म्हणायचा. अशा माणसाबरोबर भांडताही येत नाही, मीच बोलायचं आणि मीच ऐकायचं. भांड्यातला घास त्याने बोटांवर घेतला आणि धरून राहिला. हात अवघडला तरी धरून राहिला. शेवटी म्हाताऱ्याने जीभ बाहेर काढली आणि तो घास घेतला, आणि डोकं सावकाश नवऱ्याच्या मांडीवर टेकवलं.

कल्पना तिथेच सुचली. ‘अहो, हा घाला,’ मी शर्ट पुढे केला. ‘मी?’ ‘मग काय मी घालू? पुरुषाचा वास हवा.’ ‘अगं, पण तो माझा येईल.’ ‘तुमचा काय आणि त्याचा काय, असा कितीसा फरक असणार आहे?’ त्याने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. ‘हे बरं नाही दिसत,’ एवढंच म्हणाला आणि बटणं लावायला लागला. आमच्या घरात विरोध असाच नोंदवला जातो. डॉक्टरीण यायला अजून अवकाश होता. तोवर शर्ट अंगावरून उतरवायचा नाही, पावडर लावायची नाही, आंघोळीनंतर लगेच तोच चढवायचा, रात्री त्यातच झोपायचं, असं मी बजावलं आणि त्याने बरं म्हटलं. तो त्यातच अंगण धुवायचा, त्यातच कुत्री फिरवून आणायचा, जिने चढून वरच्या मजल्यावरच्यांची पार्सलं पोचवायचा, म्हणजे घाम चांगला येईल. मेलेला माणूस अंगाने भरलेला असावा. शिवण नवऱ्याच्या खांद्यावरून खाली उतरायची, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. मला हसू यायचं.

एकदा मात्र चमत्कारिक झालं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बोळकांडीच्या टोकाला कोणी एक माणूस पाठमोरा वाकून कुत्र्याचा पट्टा सोडवत होता, निळ्या चौकड्यांचा, आणि क्षणभर मला तो कोण हे कळलंच नाही. छातीत धडधडलं. परका पुरुष घरात आहे आणि आपण त्याच्याकडे बघतोय, अशी ती धडधड होती, आणि तो वळल्यावर त्या चेहऱ्याची ओळख पटली तेव्हा मी निराश झाले, हे सरळच सांगते. त्या दिवशी कांदा चिरताना मला त्याच्या जुन्या ऑफिसची आठवण झाली. तेव्हा नकाशांच्या निळ्या प्रती काढायच्या यंत्राला अमोनिया लागायचा, आणि लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं तो घरी आला की दाराशीच त्याचा झटका नाकात जायचा. मी नाक मुरडायचे. तो चपला काढायच्या आधी न्हाणीकडे वळायचा, खसाखसा हात घासायचा, आणि तरी केसांना तो यायचाच. उशीला यायचा. मग केव्हा तरी ऑफिसात संगणक आले, यंत्र भंगारात गेलं. तो वास माझ्या घरातून नेमका कधी गेला ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा वीज कंपनीत लोकांच्या बिलांच्या तक्रारी ऐकत होते, बढतीच्या मागे होते, मुलीच्या परीक्षा होत्या. गेला तर बरंच झालं, असं वाटायलाही सवड नव्हती. त्याच्यानंतर नवऱ्याच्या अंगाला कसला वास येतो असा प्रश्न माझ्या मनात आला नाही. असल्या गोष्टींचा विचार करायला पोट भरलेलं आणि डोकं रिकामं असावं लागतं, असं माझं मत होतं.

ती यायच्या आदल्या दुपारी मी शर्ट उतरवून घेतला आणि साहेबापुढे टाकला. नाक कॉलरवर गेलं, तिथेच थांबलं. शेपटी फरशीवर एकदा, दोनदा आपटली. मग त्याने हनुवटी बरोबर बगलेच्या जागी ठेवली, मोठा सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. काम फत्ते झालं होतं, तरी मला त्याचा संतापच आला. याच प्राण्याच्या निष्ठेच्या गोष्टी ऐकत लोक डोळे पुसतात! चार घास हातावर घेऊन खायला घातले की झाला याचा धनी. वर्षभर ज्याच्यासाठी झुरत होता तो एक आणि आता हा दुसरा, मधल्या मध्ये शर्ट तोच. माणसांपेक्षा कुत्री बरी म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं होतं. पण मी कोणाला दाखवणार नव्हते. मी शर्ट पिशवीत घातला, चेन शेवटपर्यंत लावली आणि हात धुतले.

ती प्रवासातूनच थेट आली, चाकांची बॅग ओढत, केस विस्कटलेले. साहेब जागचा उठला, तिच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला, तिने त्याचे कान चोळले. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. हवा दमट होती, डॉक्टर. रोज काढायचा म्हणजे थोडाफार उडणारच. तिने पिशवी घेतली, चेन दोन बोटं उघडली आणि नाक आत घातलं. मी दाराची जाळी धरून उभी होते. ती हलली नाही. तिचे डोळे मिटलेले होते, आणि बघता बघता तिचे खांदे खाली आले, सकाळ-संध्याकाळ जे मी ताठच बघितले होते ते खांदे. ‘काकू,’ तोंड पिशवीतच ठेवून ती म्हणाली, ‘अजून आहे.’ तिने मान वर केली नाही. ‘मला वाटत होतं संपला. घरी उघडली की नुसतं प्लास्टिक यायचं नाकात. मी कोणाला सांगितलं नाही, वाटलं सांगितलं की खरंच संपेल. आणि आज...’ तिने पुन्हा श्वास आत ओढला, लांब, अगदी तळातून. ‘आज तर आत्ता काढून टाकल्यासारखा येतोय.’ ती रडत होती आणि हसतही होती, नाक लाल झालं होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. फसली, मी मनात म्हटलं. लोकांच्या दातांच्या मुळापर्यंत पोचते, आणि जन्माचा जोडीदार हिला ओळखता येत नाही. तक्रार विभागात एखादं प्रकरण मिटलं की एक प्रकारचा थंड आनंद व्हायचा, तो व्हायची मी वाट बघितली. तेवढ्यात नवरा आतून हात पुसत आला. ‘काका, थँक यू हं,’ ती म्हणाली, ‘तुम्ही दोघांनी फार जपलंत.’ ‘अहो, त्यात काय,’ तो फरशीकडे बघत म्हणाला. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि ती त्याच्याकडे पाठ करून पुन्हा एकदा पिशवीत तोंड घालत होती. कुठली कोण ती बाई माझ्या नवऱ्याला डोळे मिटून आत ओढून घेत होती, पोटभर, आणि तिचं भागत नव्हतं. मला मत्सर वाटला. त्याला दुसरं नाव नाही. मला तिच्या हातातून ती पिशवी हिसकावून घ्यावीशी वाटली.

ती गेली. साहेबाची नखं फरसबंदीवर वाजत कोपऱ्यापर्यंत गेली, मग तीही थांबली. नवरा स्वयंपाकघरात भांडी विसळायला लागला होता, अंगात आपला रोजचा पांढरा सदरा. ‘त्यांना बरं वाटलं ना,’ तो म्हणाला. टोमणा नव्हता, त्याला टोमणा मारताच येत नाही. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मग आणखी जवळ गेले, कॉलरशी नाक नेलं, कानामागे, मानेवर, जिथे केस संपतात तिथे. भांड्यांच्या साबणाचा वास आला. ओल्या कुत्र्याचा आला, तो आता या घरात सगळ्यालाच येतो. त्यांच्या पलीकडे मी शोधत राहिले. खांद्यावर, पाठीवर, पुन्हा कानामागे. म्हाताऱ्या कुत्र्याला जो मांडीवर मिळाला, त्या बाईला दोन बोटांच्या फटीतून मिळाला, तो इथे, माझ्या नाकाखाली असायलाच हवा होता. तिथे काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत तो माझ्या श्वासात असा विरून गेला होता की मला तो वेगळा काढता येईना, किंवा मी तो कधी घेतलाच नव्हता आणि आता फार उशीर झाला होता. यातलं कुठलं खरं, हे मला कळेना. विसळायचं भांडं हातात धरून तो तसाच थांबला होता. आम्ही असे एकमेकांजवळ उभे राहिलो त्याला बराच काळ झाला होता, आणि त्याला काय करावं ते समजत नव्हतं.

‘काय गं?’ तो ओशाळून म्हणाला. ‘वास येतोय का माझा?’

‘येतोय,’ मी म्हणाले.

‘थांब, आंघोळ करून येतो,’ म्हणत त्याने भांडं खाली ठेवलं आणि टॉवेल शोधायला आत गेला.